वाचकाला दोष देणं थांबवा

ऑक्टोबर लागला की नागपुरात वाचनावरची चर्चा पुन्हा सुरू होते. १५ ऑक्टोबर हा डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस २०१५ पासून राज्यात ‘वाचन प्रेरणा दिन’ म्हणून पाळला जातो. शाळांमध्ये त्या दिवशी मुलं पुस्तकं घेऊन बसतात, संध्याकाळी सभागृहांमध्ये व्याख्यानं होतात आणि जवळपास प्रत्येक व्याख्यानाचा सूर एकच असतो: मोबाईलने वाचन गिळलं, नवी पिढी वाचत नाही, मराठी पुस्तकाला आता कोणी विचारत नाही. याला विरोध करणारेही ठरलेलंच बोलतात. मुलं पडद्यावर वाचतात, काळ बदलला, तुम्ही कागदाला कवटाळून बसला आहात. दोन्ही बाजू वाचकाच्या स्वभावाविषयी बोलतात. वाचायचं ठरवलेल्या माणसाला पुस्तक मिळतं कुठे, किती लांब, किती पैशांत आणि ते हातात देणाऱ्या ग्रंथपालाला पगार किती, हे प्रश्न या वादात कोणीच काढत नाही. माझं म्हणणं असं की मराठी माणसाची वाचनाची भूक मेलेली नाही. पुस्तक त्याच्यापर्यंत नेणारी व्यवस्था आपण वर्षानुवर्षं उपाशी ठेवली आणि तिच्या अपयशाचं खापर वाचकाच्या डोक्यावर फोडत आलो.

याचा पुरावा शोधायला नागपूरकरांना लांब जावं लागत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला, विजयादशमीच्या दिवशी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह याच शहरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. तेव्हापासून दर दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो माणसं येतात. कोण असतात ही माणसं? शेतमजूर, सफाई कामगार, गवंडी, अंगणवाडी सेविका, होस्टेलात राहून शिकणारी पोरं, पेन्शनवर जगणारे मास्तर. मराठवाड्यातून, बुलढाणा-वाशीमकडून, गडचिरोलीतून, राज्याबाहेरूनही. शिदोरी बांधून येतात, उघड्यावर रात्र काढतात आणि परत जाताना पिशवीत पुस्तक घेऊन जातात. परिसरात आणि भोवतालच्या रस्त्यांवर पुस्तकांच्या स्टॉलची रांगच्या रांग लागते. बाहेरगावचे प्रकाशक त्यासाठी आधीपासून तयारी करून येतात. कोट्यवधींची पुस्तकं या काही दिवसांत विकली जातात, आणि ती घेणाऱ्यांत महिन्याला ठरावीक पगार हातात पडणारे थोडेच असतात. मराठी पुस्तकाला गिऱ्हाईक नाही म्हणणाऱ्याने एकदा दसऱ्याच्या दुपारी तिथे उभं राहावं.

मी उभा राहतो. ताडपत्रीखाली फळ्यांचं टेबल, त्यावर पाठीवर निजवलेल्या पुस्तकांच्या चळती, किंमत मोठ्या अक्षरांत पुठ्ठ्यावर लिहिलेली. एक बाई पदराच्या गाठीतून घड्या पडलेल्या नोटा सोडवते, सोबतच्या मुलीला मागच्या पानावरची किंमत वाचायला लावते, संविधानाची प्रत घेते आणि मुलीसाठी सावित्रीबाईंचं एक पातळ चरित्र. तिच्या शेजारी पन्नाशीतला एक माणूस खिशातून वहीचं पान काढतो. त्यावर बाबासाहेबांच्या ‘लेखन आणि भाषणे’ या मालिकेतल्या खंडांचे आकडे लिहिलेले, घरी असलेल्यांपुढे पेनाची खूण. “भाऊ, अठराव्याचा तिसरा भाग आला काय?” दुकानदार मान हलवतो. “नाही जी, पहिले दोन आहेत, तिसरा नाही.” तो पान घडी करून पुन्हा खिशात ठेवतो आणि पुढच्या स्टॉलकडे वळतो. या माणसाला वाचनाची प्रेरणा कमी पडली, असं कोण म्हणेल? त्याला कमी पडला तो अठराव्या खंडाचा तिसरा भाग.

आणि तो का कमी पडतो? ही मालिका महाराष्ट्र शासन १९७९ पासून प्रकाशित करतं. खंड जाडजूड असूनही किंमत सामान्य माणसाच्या आवाक्यातली, मागणी बारमाही, तरी हवा तो खंड हवा तेव्हा मिळेलच याची खात्री नसते. या खंडांसाठी कोट्यवधींचा कागद घेऊन ठेवला आहे आणि छपाई मात्र थांबली आहे, अशी बातमी २०२१ मध्ये आली. मुंबई उच्च न्यायालयाला त्याची स्वतःहून दखल घ्यावी लागली. वाचक रांगेत, कागद गोदामात आणि पुस्तक कुठेच नाही. मराठीतल्या वाचनाच्या दुखण्याचं यापेक्षा नेमकं निदान मला माहीत नाही. मागणी नव्हती म्हणून इथे काही अडलं नव्हतं.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो घेणारे सगळेच दुष्ट हेतूने घेतात असं नाही. ते म्हणतात, दीक्षाभूमीवरची खरेदी श्रद्धेची आहे. पुस्तक घरी नेऊन तसबिरीखाली ठेवतात, वाचतात किती? काही प्रती न वाचता राहत असतील, हे मला मान्य आहे. पण हा निकष आपण दुसऱ्या कुणाला लावतो का? मराठी घरांमध्ये पिढ्यानपिढ्या ज्ञानेश्वरी आणि गाथा कापडात बांधून ठेवलेल्या असतात. त्या घरांना आपण संस्कारी म्हणतो, ‘वाचता किती?’ म्हणून विचारत नाही. धरमपेठेसारख्या सुखवस्तू वस्तीतल्या दिवाणखान्यात काचेच्या कपाटात मांडलेल्या पुस्तकांपैकी किती उघडली गेली, याचीही कोणी चौकशी करत नाही. शिवाय ज्या घरात पूर्वी छापील कागद नव्हता, तिथे आलेलं पहिलं पुस्तक आईने वाचलं नाही तरी मुलगी कधीतरी उघडते. दलित साहित्याने गेल्या साठ वर्षांत मराठीला जे दिलं, ते अशाच घरांमधल्या पोरांनी लिहिलं. श्रद्धेने घरात आलेलं पुस्तक वाचनाच्या आड येत नाही. वाचन घरात शिरतं ते बऱ्याचदा त्याच दाराने.

मोबाईलचा मुद्दा याहून जड आहे आणि तो मी झटकून टाकणार नाही. दोन मिनिटांच्या चित्रफितींची सवय लागलेल्या डोक्याला तीनशे पानं सलग वाचणं अवघड जातं. मोठ्यांनाही जातं. हातातला फोन सतत हाक मारत असतो आणि ती हाक टाळता येऊ नये अशाच हिशेबाने तो बनवलेला आहे. हे सगळं खरं आहे. पण वाचनाचं सगळं दुखणं फोनपासून सुरू झालं, हे खरं नाही. ग्रामीण भारतातल्या मुलांना वाचता किती येतं हे पाहणारी ‘असर’ची पाहणी २००५ पासून होते आहे. पाचवीतल्या मुलाला दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येतो का, ही तिची साधी कसोटी. देशपातळीवर साधारण निम्मी मुलं ती पार करतात. स्मार्टफोन गावात पोचण्याआधीही आकडा असाच होता, थोडा वर, थोडा खाली. म्हणजे निम्म्या मुलांना वाचता येत नव्हतं तेव्हा फोन नव्हता, आणि आता फोन आल्यावर आपण म्हणतो की फोनमुळे ती वाचत नाहीत. ज्याला अक्षर जोडताना दम लागतो तो पुस्तकापासून दूर राहणारच. त्याला दम लागू नये म्हणून काय हवं? शाळेबाहेर, परीक्षेच्या धाकाबाहेर, त्याच्या वयाची आणि त्याच्या आवडीची पुष्कळ पुस्तकं हाताशी हवीत. ती कुठे आहेत?

वाचन बुडाल्याची ओरड नवी नाही, हेही लक्षात ठेवायला हवं. एकोणिसाव्या शतकात कादंबऱ्या वाचून तरुण आणि विशेषतः मुली बिघडतात अशी चिंता होती. मग सिनेमा आला, मग टीव्ही आला, प्रत्येक वेळी पुस्तकाचं मरण जाहीर झालं. त्याच काळात, १९०९ मध्ये, मराठीत दिवाळी अंक सुरू झाला आणि शंभर वर्षांनंतरही तो घरोघर जात राहिला. तो का टिकला? लिहिणारे चांगले होते म्हणून, हे खरंच. पण गल्लीगल्लीतल्या वाचनालयांनी थोडक्या वर्गणीत महिनोन्‌महिने अंक फिरवले, म्हणूनही. एक अंक पंचवीस घरं हिंडून यायचा. ती साखळी होती, म्हणून वाचक होते.

आता त्या साखळीची आजची अवस्था पाहू. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. त्याखाली राज्यात सुमारे बारा हजार मान्यताप्राप्त ग्रंथालयं आहेत, ग्रामपंचायतीच अठ्ठावीस हजारांच्या आसपास आहेत. म्हणजे निम्म्याहून जास्त ग्रामपंचायतींत मान्यता असलेलं एकही ग्रंथालय नाही, आणि जी आहेत त्यांतली कितीतरी शहरांत एकवटलेली. २०१२ नंतर नव्या ग्रंथालयांना मान्यता देण्याचं काम ठप्प झालं. जी आहेत ती अ, ब, क, ड अशा वर्गांत. सर्वांत खालच्या ड वर्गाला वर्षाला तीस हजार रुपये अनुदान मिळायचं. २०२२ मध्ये साठ टक्के वाढ झाली आणि ते अठ्ठेचाळीस हजार झालं. त्यातलं निम्मं पगारावर धरा. महिन्याला दोन हजार रुपये. उरलेल्या निम्म्यात जागेचं भाडं, वीज, वर्तमानपत्रं, नियतकालिकं, बांधणी, आणि काही उरलंच तर पुस्तकं. दोन हजारांत कोणी ग्रंथपाल होतो का? होतात. नागपूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचे असे एक काका माझ्या ओळखीचे आहेत. सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास ते ग्रंथालय उघडतात, मधल्या वेळात औषधाच्या दुकानात काम करतात. त्यांची पुस्तकं लोखंडी कपाटांत आहेत आणि किल्ल्या त्यांच्या कडदोऱ्याला. देवघेवीच्या रजिस्टरवर प्रत्येक नोंद त्यांच्याच सुंदर अक्षरात. गावातली कोणती सातवीतली पोरगी रहस्यकथा संपवून आता शास्त्रज्ञांच्या चरित्रांवर आली आहे, हे त्यांना तोंडपाठ आहे. नव्या पुस्तकांची यादी ते दरवर्षी करतात आणि तिच्यातली बहुतेक नावं पुढच्या वर्षीच्या यादीत पुन्हा लिहितात. ते म्हणतात, “पोरं येतात जी, मी देऊ काय त्यांना?”

या मुद्द्यावर विरोधी बाजूचा सगळ्यांत बळकट युक्तिवाद येतो, आणि त्यात तथ्य आहे. यातली काही ग्रंथालयं कागदावरच होती. एका खोलीवर पाटी, जुन्या पुस्तकांचे गठ्ठे, तपासणीच्या दिवशी गोळा केलेले सभासद आणि अनुदान कुणाच्या तरी खिशात. २०१२ मध्ये महसूल यंत्रणेकडून राज्यभर पडताळणी झाली तेव्हा असे प्रकार मोठ्या प्रमाणावर समोर आले, आणि नव्या मान्यता थांबण्यामागेही तेच कारण होतं. मग अशा व्यवस्थेत आणखी पैसा का ओतायचा? माझं उत्तर असं: रेशन दुकानांत बनावट कार्डं सापडली तेव्हा आपण रेशन बंद केलं नाही, कार्डं तपासली. शाळांमध्ये खोटी पटसंख्या सापडली तेव्हा शाळांना कायमचं टाळं लावलं नाही. मग ग्रंथालयात घोटाळा सापडला की आपण नव्या ग्रंथालयांचं दारच का बंद करतो? चोर पकडायला पडताळणी हवीच, दरवर्षी हवी. पण इतकी वर्षं नवी मान्यता अडवून शिक्षा झाली ती त्या गावांना, जिथे घोटाळा करायलाही ग्रंथालय नव्हतं. आणि अनुदान इतकं तुटपुंजं ठेवलं की प्रामाणिक माणूस टिकत नाही. मग टिकतो कोण, हे वेगळं सांगायला नको.

“ग्रंथालयात येतंच कोण?” असाही प्रश्न असतो. नागपुरातच याचं उत्तर आहे. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, यवतमाळकडून हजारो मुलं-मुली स्पर्धा परीक्षांसाठी इथे येऊन राहतात. खोलीत चौघं, डबा मेसचा, आणि दिवस अभ्यासिकेत. महिन्याच्या पैशांत एक खुर्ची, एक दिवा, एक चार्जिंगचा पॉइंट. रात्री अकराला नंदनवन किंवा महालाच्या एखाद्या अभ्यासिकेत डोकावा, शंभर तरुण डोकी पुस्तकावर वाकलेली दिसतील. लोक म्हणतात, हे वाचन नव्हे, हा गाईडांचा रट्टा आहे. आज तसंच आहे. पण दिवसाला दहा-बारा तास छापील अक्षरापुढे बसण्याची ज्यांची तयारी आहे, त्यांना वाचनाचा कंटाळा आहे असं म्हणता येईल का? कित्येक जुन्या वाचनालयांनी भाडं निघावं म्हणून आपला हॉल अभ्यासिकेला दिला आहे. त्याच इमारतीत, भिंतीपलीकडे, कथा-कादंबऱ्यांची कपाटं कुलूपबंद असतात, कारण दिवसभर बसणारा ग्रंथपाल परवडत नाही. अर्थशास्त्राच्या नोट्स वाचून थकलेल्या मुलीने तासभर कवितासंग्रह चाळावा, अशी सोय भिंतीच्या पलीकडेच आहे. अडलंय ते फक्त एका पगारावर.

आता जरा मागे जाऊ, कारण सार्वजनिक पैसा पुस्तकावर घातला की त्यातून काय उभं राहतं, याचं मराठी माणसाला ठाऊक असलेलं सगळ्यांत मोठं उदाहरण नागपूरशी जोडलेलं आहे. मुंबईत चर्नी रोडच्या बागेत एक शाळकरी मुलगा रोज पुस्तक घेऊन बसायचा. कृष्णराव अर्जुन केळुसकर या शिक्षकांनी त्याला हेरलं, आपली पुस्तकं वाचायला दिली आणि त्याच्या परीक्षेतल्या यशानिमित्त भरलेल्या सभेत स्वतः लिहिलेलं बुद्धाचं मराठी चरित्र भेट दिलं. ते पुस्तक केळुसकरांनी बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या ग्रंथमालेसाठी लिहिलं होतं. पुढे त्याच महाराजांनी त्या मुलाला कॉलेजसाठी महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती दिली, तीही केळुसकरांच्या शब्दावरून. १९१३ मध्ये त्यांच्याच मदतीवर तो अमेरिकेला गेला. बुद्धाकडे आपण कसे वळलो हे सांगताना बाबासाहेबांनी १९५६ मध्ये त्या भेट मिळालेल्या पुस्तकापासूनच सुरुवात केली आहे. एका पुस्तकाने सगळं घडवलं, असं मी म्हणत नाही. त्या माणसाचा अभ्यास आणि त्याने सोसलेला अपमान यांच्यापुढे तसं म्हणणं उथळ ठरेल. पण संस्थानाच्या तिजोरीतून निघालेला पैसा, त्यातून लिहिला गेलेला ग्रंथ, तो मुलाच्या हातात देणारा शिक्षक आणि अनेक वर्षांनी दीक्षाभूमीवरचा जनसागर, या ओळीतला एकही दुवा गाळून पाहा. पुस्तक योग्य हातात पडण्यासाठी कोणीतरी ते तिथपर्यंत न्यावं लागतं.

सयाजीरावांनी ते काम नशिबावर सोडलं नव्हतं. १९१० मध्ये त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बोलावलं आणि बडोदा संस्थानात मोफत सार्वजनिक ग्रंथालयांचं जाळं विणलं. गावाने जेवढी रक्कम उभी करावी, तेवढीच जिल्हा पातळीवरच्या प्रांत पंचायतीने आणि तेवढीच संस्थानाने घालावी, असा हिशेब होता. जिथे ग्रंथालय नाही तिथे पुस्तकांनी भरलेल्या पेट्या जायच्या. मोफत हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. आपल्याकडच्या बहुतेक ग्रंथालयांत आजही अनामत आणि वर्गणी आहे. रक्कम छोटी असते, पण रोजंदारीवर जगणाऱ्या घरात तीन पोरांची अनामत एकदम भरणं छोटं नसतं. शंभर वर्षांपूर्वी एका मराठी राजाने जे फुकट दिलं, ते आज लोकांचं सरकार फुकट देऊ शकत नाही?

आणि ही फक्त राजाश्रयाची गोष्ट नाही. नागपुरातच दलित समाजसुधारक किसन फागुजी बनसोड यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला छापखाना काढला, मुलींची शाळा काढली, आणि ‘निराश्रित हिंद नागरिक’, ‘विटाळ विध्वंसक’, ‘मजूर पत्रिका’, ‘चोखामेळा’ अशी एकामागून एक वर्तमानपत्रं चालवली. एक बंद पडलं की दुसरं. जाईबाई चौधरी नागपूर ते कामठी डोक्यावर ओझी वाहून पोट भरत होत्या. त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या आणि १९२२ मध्ये त्यांनी मुलींसाठी शाळा काढली. तेव्हाच्या दलित वस्त्यांमध्ये वाचता येणारा एक असायचा आणि ऐकणारे वीस. वाचक कमी आहेत म्हणून बनसोडांनी छापणं थांबवलं नाही. वाचक घडवण्यासाठीच ते छापत होते.

माझ्यासारख्या लिहिणाऱ्या माणसाला यात स्वार्थ आहे, तो मी लपवत नाही. मराठीत केवळ लिहिण्यावर घर चालवणारे लेखक मोजकेच. बाकीचे शाळेत शिकवतात, बँकेत, कचेरीत काम करतात आणि रात्री लिहितात. हजाराची आवृत्ती पूर्वी साधारण मानली जायची, आता तीनशे-पाचशेवर येऊन थांबते. मानधनाऐवजी पंचवीस प्रती मिळाल्या तरी लेखक खूश होतो. कितीतरी जण स्वतःचे पैसे घालून पुस्तक काढतात. या परिस्थितीत लेखक एकमेकांना दोष देतात, समीक्षकांना देतात आणि शेवटी वाचकाला. पण राज्यातल्या बारा हजार ग्रंथालयांपैकी एक चतुर्थांश ग्रंथालयांनी जरी वर्षाला चांगल्या मराठी पुस्तकाची एकेक प्रत घेतली तर आवृत्ती तीन हजारांची होते. ती ग्रंथालयं पुस्तक घेत नाहीत कारण त्यांच्याकडे पैसे नाहीत. जी घेतात, त्यांना सर्वाधिक सवलत देणाऱ्याच्या यादीतून घ्यावं लागतं. लिहिणाऱ्याचं आणि वाचणाऱ्याचं दुखणं एकच आहे. त्यांना आपण एकमेकांविरुद्ध उभं केलं आहे.

एक गोष्ट मात्र मला लेखकांनाही सांगायची आहे. पुस्तकांच्या पीडीएफ फिरतात तेव्हा आपला जीव जळतो आणि जळायलाच हवा. कुणाच्या वर्षावर्षांच्या श्रमांची ती फुकटेगिरी आहे. पण ती फिरते याचा अर्थ कुणीतरी ती मागतं आहे. गावात दुकान नाही, ग्रंथालयात प्रत नाही, मग ते पोरगं ती मिळवणार कुठून? डेन्मार्कने १९४६ पासून आणि ब्रिटनने १९७९ च्या कायद्याने लेखकाला ग्रंथालयांतल्या वापराबद्दल सार्वजनिक निधीतून मोबदला देणं सुरू केलं. वाचकाला फुकट आणि लेखकाला पैसे, दोन्ही एकाच वेळी. आपल्या साहित्य संस्थांनी, इथल्या शंभरी पार केलेल्या विदर्भ साहित्य संघासकट, ही मागणी एकदा जोरात लावून धरावी असं मला मनापासून वाटतं. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जा मिळाला, त्याचा आनंद मलाही झाला. पण त्या दर्जाचा अर्थ त्या तालुक्यातल्या काकांच्या रजिस्टरपर्यंत पोचला पाहिजे.

पैसा कुठून आणायचा, हा शेवटचा प्रश्न. भारतातला पहिला ग्रंथालय कायदा १९४५ मध्ये कोल्हापूर संस्थानाने केला, म्हणजे याच भाषेच्या मुलखात. पण १९६७ च्या आपल्या कायद्यात ग्रंथालयांसाठी स्वतंत्र कर नाही. मद्रासने १९४८ मध्ये तो लावला, कर्नाटकाने १९६५ मध्ये, केरळने १९८९ मध्ये. तमिळनाडूत आज घरपट्टीच्या रुपयामागे दहा पैसे ग्रंथालयांसाठी घेतले जातात. तिथे सगळं आलबेल आहे असं नाही. बंगळुरू महापालिकेने उपकराची मोठी रक्कम ग्रंथालय खात्याला न देता थकवून ठेवल्याची तक्रार वर्षानुवर्षं आहे. म्हणून कर लावण्याबरोबरच तो थेट ग्रंथालयांच्या खात्यात जाईल अशी तरतूद कायद्यातच हवी. नवा कर म्हटला की लोक चिडतील, हेही कळतं. पण आपल्या घरपट्टीच्या बिलात शिक्षण कर आहे, वृक्ष कर आहे आणि आपण ते भरतो. त्यात रुपयामागे दोन-अडीच पैशांची ग्रंथालयाची एक ओळ वाढली तर हजाराच्या घरपट्टीवर वीस-पंचवीस रुपयांचा प्रश्न आहे. नागपूर महापालिकेचे अडतीस प्रभाग आहेत. प्रत्येक प्रभागात एक मोफत वाचनालय, अनामत नाही, रात्री नऊपर्यंत उघडं, उघड्या मांडण्या, पूर्ण पगाराचा प्रशिक्षित ग्रंथपाल आणि दर महिन्याला नवी पुस्तकं. मुलांसाठी वेगळी खोली, बायांना दुपारी निवांत बसता येईल अशी जागा. अभ्यासिकेतल्या मुलांसाठी त्याच छताखाली खुर्च्या. हे पाच वर्षं नीट चालवून पाहा. त्यानंतरही मांडण्यांवर धूळ साचली, तर दोष वाचकाचा होता हे मान्य करायला मी तयार आहे.